पेढीचे प्रतिक्रमण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला, की आडत पेढीला दिवस पुरत नाही. सकाळी सौदे, दुपारी तोलाई, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आणि त्यानंतर रोकड मोजणे. अशाच एका पेढीवर तीस वर्षे काम केलेल्या दिवाणजींनी एका चैत्रात तिजोरीची किल्ली मालकांच्या मेजावर ठेवली आणि काही न बोलता ते घरी निघून गेले.

त्या पेढीवर पूर्वी हाताने कीर्द लिहीत. दिवाणजींचा शिरस्ता ठरलेला होता. दिवेलागणीला जमा आणि नावे यांच्या बेरजा करायच्या, शिल्लक काढायची, गल्ला मोजायचा आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पेढीचे दार ओढायचे नाही. चुकलेली नोंद खोडायची झाल्यास तिच्यावर एकच रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वहीचे पान फाडायचे नाही. पानांना क्रमांक असत, त्यामुळे फाडलेले पान लपतही नसे. ‘अंतर्गत नियंत्रण’ हा शब्द त्या पेढीवर कोणी उच्चारला नव्हता. पण ती गोष्ट रोज सायंकाळी घडत होती.

पुढे संगणक आला. मालकांचा, म्हणजे अण्णांचा, मुलगा पुण्याहून सीए होऊन परतला होता. हिशेबपट्टी क्षणात छापून येऊ लागली, खतावणी आपोआप तयार होऊ लागली, कराची विवरणपत्रे वेळेवर जाऊ लागली. सर्वांना आनंद झाला आणि त्या आनंदात दोन गोष्टी निसटल्या. पहिली म्हणजे सायंकाळचा मेळ. शिल्लक पडद्यावर दिसतेच, मग रोज गल्ला कशाला मोजायचा, असे वाटू लागले. दुसरी गोष्ट पासवर्डची. चौघे जण एकाच नावाने संगणक उघडत आणि तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलेला असे. मागील तारखेची नोंद कोणीही बदलावी आणि ती कोणी बदलली हे कोणालाही कळू नये, अशी ती व्यवस्था होती. जुन्या वहीत अक्षर ओळखून माणूस ओळखता येत असे. संगणकात सगळ्यांचे अक्षर सारखेच.

महिनाअखेरीस रोकड मोजली तेव्हा ८५ हजार रुपये कमी भरले. पुन्हा मोजली, तितकेच कमी. तिजोरीच्या किल्ल्या दोन होत्या: एक अण्णांकडे, एक दिवाणजींकडे. त्याच महिन्यात दिवाणजींच्या मुलीचे लग्न ठरले होते. कोणी काही बोलले नाही. मुलाने फक्त एवढेच म्हटले, “दिवाणजी, थोडे दिवस किल्ली इथंच राहू द्या.” त्या वाक्यात आरोप नव्हता, पण विश्वासही उरला नव्हता. दिवाणजींना ते समजले.

वीस दिवसांनी अण्णांच्या बहिणीचा मुलगा पेढीवर आला आणि त्याने नोटांची पुडकी मेजावर ठेवली. “मामा, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही दिले होते ते. फार उपकार झाले.” अण्णांच्या डोळ्यांसमोर ती पहाट उभी राहिली. मेहुण्यांना मिरजेच्या इस्पितळात हलवले होते, अक्कांचा फोन आला होता आणि पेढी उघडण्याआधीच अण्णांनी तिजोरीतून हाताला येतील ती पुडकी काढून नेली होती. व्हाउचर केले नव्हते. मालकाने स्वतःच्या तिजोरीतून पैसे घेताना कागद कशाला, अशीच त्यांची आजवरची समजूत होती.

त्याच संध्याकाळी अण्णा दिवाणजींच्या घरी गेले. क्षमा मागितली. दिवाणजींनी त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिले आणि म्हणाले, “अण्णा, राग नाही. पण त्या दिवशी मी खरा आहे हे दाखवायला माझ्याजवळ एक कागदसुद्धा नव्हता. तीस वर्षांचं नाव होतं, ते पुरलं नाही.”

हिशेबाच्या नियंत्रणाविषयी लिहिलेल्या अनेक पुस्तकांचे सार या एका वाक्यात आहे. मोजणी, सही, तपासणी हे सारे चोराला पकडण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणूनच जुन्या माणसाला व्हाउचर मागितले की त्याला अपमान वाटतो आणि मालकाला ते मागताना संकोच होतो. परंतु जिथे नियंत्रण नसते तिथे चोर सुखात राहतो आणि झीज सोसावी लागते ती प्रामाणिक माणसाला. कारण काही कमी पडले की संशय सर्वांवर सारखाच पडतो आणि निर्दोषत्वाचा पुरावा कोणाजवळच नसतो. कागद हा अविश्वासाचा नव्हे, सज्जनाच्या संरक्षणाचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. व्यवस्था मोडते ती बहुधा वरून. २००९ च्या जानेवारीत सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. ती कंपनी संगणकप्रणालीच बनवत असे. यंत्रांची तिथे उणीव नव्हती. पण बँकेत खरोखर किती रक्कम आहे, याची खातरजमा लेखापरीक्षकांनी बँकेकडून थेट करून घ्यायची असते. तिथे ते घडले नाही. ज्यांचा हिशेब तपासायचा, त्यांच्याच हातून आलेल्या कागदांवर विसंबून राहिले गेले. सांगलीच्या पेढीतील विसर आणि तो जाणूनबुजून केलेला अपराध यांची तुलना होऊ शकत नाही. मात्र दोन्हीकडे फट एकाच ठिकाणी होती: नियम सर्वांना होता, सर्वांत वरच्या माणसाला नव्हता.

त्या घटनेनंतर कायदाही कडक झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने आर्थिक नियंत्रणे पुरेशी आहेत का, यावर लेखापरीक्षकाने मत देण्याची तरतूद केली. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला. दिवाणजींची एक रेघ, जिच्याखालचा आकडा वाचता येत असे, ती अशी कायद्यात आली. हा नियम भागीदारीच्या पेढीला बंधनकारक नाही. पण चांगली सवय कायद्याची वाट पाहत नाही.

दिवाणजी परत आले ते एका अटीवर. व्हाउचर सर्वांनी करायचे, अण्णांनीही. मग मुलाने सगळी घडी नव्याने बसवली. चौघांना चार वेगळी लॉगिने दिली आणि भिंतीवरची चिठ्ठी काढली. व्हाउचर करणारा एक, मंजूर करणारा दुसरा. बँकेच्या खात्याचा मेळ दिवाणजींऐवजी मुलगा घालू लागला. रोकड रोज रात्री दोघांनी मोजायची, किती नोटा कोणत्या हे लिहून दोघांनी सही करायची. महिना संपला की मागच्या तारखा कुलूपबंद करायच्या. एखाद्या शेतकऱ्याने बँकखाते बदलल्याचे कळवले, तर त्याच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. चौघांच्या पेढीत प्रत्येक काम वेगळे करता येत नाही, हे खरे. जिथे येत नाही, तिथे अण्णांनी आठवड्यातून एकदा स्वतः बसून व्हाउचरे पाहायची, असे ठरले.

एका नियमाने मात्र दिवाणजी दुखावले. वर्षातून काही दिवस त्यांनी सक्तीने रजा घ्यायची आणि त्या काळात त्यांचे काम दुसऱ्याने करायचे. मुलाने समजावले, की मोठमोठ्या बँकांतही ही पद्धत असते. एकाच हातात वर्षानुवर्षे राहिलेल्या हिशेबातील चुका दुसरा हात लागल्याशिवाय दिसत नाहीत. अण्णांनी तोडगा काढला. रजा दशलक्षण पर्वात द्यायची. हंगाम नसतो आणि दिवाणजींना दहाही दिवस मंदिरात बसता येते. दिवाणजी हसले. आपण तिकडे आपला हिशेब तपासायचा आणि इकडे पेढीने आपला, ही वाटणी त्यांना पटली.

आलोचना, प्रतिक्रमण आणि प्रत्याख्यान हा क्रम श्रावकाला परिचित आहे: दोष उघड करणे, झालेल्या दोषातून मागे फिरणे आणि पुढे तो न करण्याचा निश्चय. नियंत्रणाचे शास्त्रही चूक शोधणे, दुरुस्त करणे आणि टाळणे असेच तीन भाग करते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि न्यासापहार यांचा समावेश आहे. न्यासापहाराचा टीकाकारांनी सांगितलेला अर्थ फार सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तर ‘होय, तेवढीच’ म्हणणे हाही दोष. येथे कोणी कुलूप फोडत नाही; फक्त दुसऱ्याच्या विसरण्याचा फायदा घेतला जातो.

यावरूनच अण्णांनी आणखी एक प्रथा सुरू केली. वर्षातून दोनदा प्रत्येक शेतकऱ्याला त्याची पेढीकडील शिल्लक पत्राने कळवायची. पहिल्याच वर्षी एक वृद्ध शेतकरी ते पत्र घेऊन आला. पत्रात १२,४०० रुपये जमा दाखवले होते. “माझं काही येणं असंल असं वाटत नव्हतं,” तो म्हणाला. चार वर्षांपूर्वीच्या एका हिशेबपट्टीतील ती रक्कम होती. दिवाणजींनी व्हाउचर केले, मुलाने मंजूर केले, अण्णांनी पैसे त्याच्या हातात दिले.

त्या दिवाळीत वहीपूजन नेहमीप्रमाणे झाले. पाटावर नवी वही, तिच्या शेजारी संगणक. आरती झाल्यावर अण्णांनी घरातल्या मुलांना ओवाळणी म्हणून गल्ल्यातून दोन हजार रुपये काढले. त्यांनी ते खिशात घालण्याआधी दिवाणजींनी व्हाउचरचे पुस्तक पुढे सरकवले. अण्णांनी चष्मा लावला, ‘मालक उचल’ असे लिहिले आणि खाली सही केली. रात्री गल्ला मोजला तेव्हा शिल्लक जुळली.