डावरा इळा

आमच्या भागात बाई घराबाहेर पडली की तिच्याजवळ तीन वस्तू असतात. भाकरीचं फडकं, पाणी आणि इळा. पुस्तकात विळा लिहितात, आम्ही इळाच म्हणतो. शेळीला पाला काढायचा, भाऱ्याची दोरी कापायची, खताच्या पोत्याचं तोंड फोडायचं, जेवताना कांदा चिरायचा, सांजच्या पारी धुऱ्यावरचं गवत कापायचं, सगळं त्याच एका पात्यानं. पांदणीनं एकटीनं यायचं असलं तर हातात इळा असला की पाय धीरानं पडतो. रानडुकरापुढं इळ्याचं काही चालत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. माणसापुढं मात्र चालतं.

पण तो इळा कोणाचा, असं विचारलं तर बहुतेक बाया सांगतील, घरचा. घरात तीन-चार इळे असतात. चांगल्या धारेचा आधी गडीमाणूस उचलतो, मग सासू, मग थोरली जाऊ. उरलेला धाकट्या सुनेला. मी धाकटी सून.

दहावी पास होऊन 1979 साली मी रिसोडच्या बाजूच्या, पैनगंगेकाठच्या या गावात नांदायला आले. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातले. वाशिम जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. सासरी सहा एकर कोरडवाहू, ज्वारी आणि पऱ्हाटी. घरचं आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात जायचं. त्यात माझी एक अडचण होती. मी डावरी. शाळेत बोटांवर पट्ट्या खाऊन लिहिणं उजव्या हातावर आलं, पण जोराचं काम आलं की डावाच हात पुढं होई.

डावऱ्या बाईला इळा का चालत नाही, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. आमच्याकडच्या इळ्याचं पातं एकाच अंगानं घासलेलं असतं. सपाट अंग जमिनीकडं, घासलेलं अंग आभाळाकडं, अशानं तो ताटात सरळ शिरतो. मुठीपाशी पातं थोडं वाकवलेलं असतं, म्हणजे बोटं ढेकळांना घासत नाहीत. तोच इळा डाव्या हातात घेतला की सगळं उलटं होतं. धार वर सरकते, ताट कापण्याऐवजी ओढलं जातं आणि बोटांची सालटं निघतात. उजव्या हातानं धरला तर कापतो बरोबर, पण माझ्या त्या हातात जोर नाही. म्हणजे दोन्हीकडून मरण.

रोजानं गेलं तर बाईला गड्यापेक्षा मजुरी कमी. सोंगणी गुत्त्यानं घेतली की तसं नसे. आमच्या टोळीत गुत्त्याचे पैसे इळ्यामागं वाटले जात. जितके इळे तितके वाटे, मग धरणारा हात बाईचा असो की गड्याचा. म्हणून बाया गुत्त्याची वाट पाहत. पण जिची पात मागं राहते तिच्यासाठी बाकीच्यांनी का थांबावं? 1983 च्या ज्वारीत टोळीच्या म्हातारीनं सगळ्यांदेखत सांगितलं, "हिले अर्धा वाटा द्या. अर्धंच सोंगते थे."

ती खोटं बोलली नव्हती. मलाही ते कळत होतं, म्हणून जास्त लागलं.

त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या लिंबाखाली घिसाड्यांच्या गाड्या उतरल्या. दरसाल येत. पोरगं भाता ओढी, बाप्या सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर फिरवी आणि घण मारी ती त्याची बायको. पदर खोचलेला, हातात चांदीचं कडं, घण डोक्यावरून येऊन नेमका जागेवर पडायचा. बाईच्या हाताला जोर नसतो म्हणणाऱ्यांनी घिसाडीण पाहिली नसावी.

मी पदराखाली अडीच पायल्या ज्वारी नेली होती. सरव्याची. कापणी झालेल्या वावरात मागं पडलेली कणसं वेचून जमवलेली. घरातल्या दाण्याला हात लावला तर विचारणारे होते, सरव्याच्या दाण्याला कोणी विचारत नसे.

तिनं तरटावर सहा इळे मांडले. मी सगळ्यात चकचकीत होता त्याला हात घातला तर हसली. म्हणाली, "डोळ्यानं नको घेऊ. मनगटानं घे." एकेक इळा मुठीत धरून हात सैल सोडायला लावला. टोकाकडं फार झुकतो तो दिवसभरात मनगट मोडतो, अगदी हलका असतो तो जाड ताटावर उडतो. मग नखानं टिचकी मारून दाखवली. चांगलं पातं वाजलं की आवाज थोडा लांबतो, भेग असली की बद्द वाजतं. मूठ बाभळीची हवी आणि पात्याचं शेपूट मुठीत खोल गेलेलं हवं, नाहीतर ऐन सोंगणीत पातं एकीकडं आणि मूठ एकीकडं. आमच्या सात पिढ्या इळा धरत आल्या, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुनेनं निवडायचंच नसतं तर सांगणार कशाला?

चौथा इळा उचलला तेव्हा तिनं माझा हात पाहिला. "डावरी हायेस?" मी मान हलवली. तिनं सहाही इळे गोळा करून बाजूला सारले.

ट्रकच्या कमानीचा पाटा तोडून त्यांनी माझ्यासमोर इळा घडवला. वाक उलट्या बाजूचा, घासणी उलट्या अंगाची. लाल पातं पाण्यात घातलं की ते कडक होतं, पण तेवढ्यावर सोडलं तर दगडाला लागून काचेसारखं तुकडा उडतो. म्हणून त्यानं सबंध बुडवलं नाही, फक्त धार बुडवली. बाहेर काढून घासली, अंगातली उरलेली ऊब धारेकडं येऊ दिली. धारेवर गव्हासारखा पिवळा रंग उतरला तसं पुन्हा पाण्यात. सारा जीव त्या रंगाकडं पाहण्यात होता. ज्वारी तिनं मोजून घेतली, मूठभर परत दिली.

घरी आत्याबाईंनी इळा हातात घेऊन पाहिला, खाली ठेवला. "असा कसा आणला वं? कोणाच्याच कामाचा नाही."

तेच तर होतं. घरात माझं म्हणून जे काही होतं ते सगळ्यांचं होतं. लग्नातलं लुगडं नणंदेनं नेसलं, माहेरची पितळी कळशी जावेच्या बाळंतपणात गेली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला बायांचं अधिवेशन घेतलं, पुढं लक्ष्मीमुक्तीत किती नवऱ्यांनी जमीन बायकांच्या नावावर केली. आमच्या सातबाऱ्यापर्यंत ते वारं आलं नाही. इळा मात्र माझा राहिला, कारण दुसऱ्या कोणाच्या हाताला तो चालतच नव्हता. आमच्या ह्यांनी एकदा गवताला नेला आणि मुठीला शिव्या देत परत आणला. खंडेनवमीला घरची हत्यारं मांडून झेंडू वाहतात, त्यात माझा इळा तोंड फिरवून बसल्यासारखा दिसायचा.

टोळीत मला धुऱ्याकडची शेवटची पात मिळाली. सगळ्यांच्या पेंढ्या डावीकडं पडत, माझ्या उजवीकडं, मधात घातलं तर हात एकमेकांत अडकत. पुढच्या ज्वारीत पूर्ण वाटा घेतला. म्हातारी काही बोलली नाही, मोजून हातावर ठेवला. ते पैसेही घरातच गेले म्हणा. पण माझ्या हातून गेले.

मग सोयाबीन आलं. बुटकं पीक, जमिनीलगत कापायचं, दुपारी शेंगा तडकतात म्हणून सकाळच्या थंडाव्यात उरकायचं. बोथट इळ्यानं झाड मुळासकट उपटून येतं आणि माती मळणीत दाण्यात मिसळते. आता हार्वेस्टर आहेत, पण पावसानं वावर ओलं झालं की यंत्र बांधावर उभं राहतं आणि बायांना बोलावणं येतं. दुकानात दातेरी इळे मिळतात. मी विचारून पाहिलं, सगळे उजव्या हाताचे.

परवा शेजारची नवी सून आली. पोरगी बारावी शिकलेली, डावरी. म्हणाली, "काकू, आठ रोज तुमचा इळा द्या ना."

"इळा नाही देत. बाजाराले चाल."

पातं घासून घासून बोटभर अरुंद झालंय, पण ते कारण नव्हतं.

बाजारातल्या लोहारापुढं तिनं पाच इळे मुठीत धरून पाहिले. मी मनगटाचं तेवढं सांगितलं, बाकी गप्प बसले. डाव्या हाताचा पाहिजे म्हटल्यावर लोहार म्हणाला, "तुम्ही नाही नेला त मी कोणाले इकू? पैसे आंधी द्या." तिनं पर्समधून स्वतःचे पैसे काढले. कुठून आले, ते मी विचारलं नाही.

"चार रोजानं या," तो म्हणाला.

"नाही," पोरगी बोलली, "भट्टी पेटवा. मी इथंच बसतो."

आमची चारची एसटी गेली.