म्हाताऱ्याचं सोंग

गाडी बघायला कोथरूडच्या एका सोसायटीत गेले तेव्हा पिशवीत आठवणीने आदल्या दिवशीचा पेपर टाकला होता. विकणारा मुलगा तिशीतला, कामाच्या मीटिंगमधून दहा मिनिटांसाठी खाली उतरलेला. मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी गुपचूप चालू करून ठेवलेली नव्हती. मग पेपर उलगडून इंजिनाखाली सरकवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दोन खडे ठेवले.

"काकू, रिपोर्ट पाठवलाय ना तुम्हाला फोनवर? सगळं तपासलंय त्यांनी. फोटोसकट."

"बघितला रे. पण तू चालू कर. दहा मिनिटं राहू दे. ऑइल गळत असेल तर पेपर लपवत नाही."

बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे वाक्य माझं नव्हेच. ते अण्णांचं, माझ्या वडिलांचं. १९८१ साली गिरगावातल्या एका चाळीच्या चौकात त्यांनी एका डॉक्टरांना हेच ऐकवलं होतं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि पेपर उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर उभी होते.

तेव्हाची गाडी फियाटच होती आणि आताचीही फियाटच. ती ११०० डिलाइट, १९६७ची. ही ५००, २००८ची. ती जुनी होती कारण नवी मिळत नव्हती. हिला मुद्दाम जुन्यासारखं घडवलं होतं, कारण नव्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांचा लोकांना कंटाळा आला होता. दोन खरेद्यांमधलं अंतर मला एवढंच वाटतं. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

त्या काळी नव्या फियाटसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. नंबर लागलेला माणूस लॉटरी लागल्यासारखा मिरवायचा आणि आज घेतलेली नवी गाडी उद्या जास्त किमतीला विकली जाई. बँकेतल्या नोकरदाराने गाडी घ्यायची म्हणजे जुनीच घ्यायची, हे ठरलेलं. अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, त्यात आजीच्या पाटल्यांची भर पडली आणि अठरा हजारांना सौदा झाला. "डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापरलेली," असं मध्यस्थ चारदा म्हणाला. गंमत म्हणजे कोथरूडच्या मुलानेही मला पहिल्याच फोनवर सांगितलं, "पहिल्या मालक डॉक्टर होत्या, काकू." चार दशकांत बाकी सगळं बदललं, पण जुनी गाडी विकणाऱ्यांना डॉक्टर काही कमी पडले नाहीत.

अण्णांनी बरोबर मिस्त्री नेला होता. त्याची हत्यारं म्हणजे एक लोहचुंबक, एक पेन्सिल आणि नाक. चुंबक तो पत्र्यावरून फिरवत न्यायचा. जिथे चिकटायचा थांबे तिथे खाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. गिरगावची खारी हवा, त्यामुळे पुढच्या मडगार्डवर चुंबक दोनदा घसरला. दोन्ही वेळा मिस्त्रीने काही न बोलता अण्णांकडे बघितलं आणि दोन्ही वेळा किंमत थोडी उतरली. ऑइलचं झाकण उघडून त्याने धूर हुंगला. मग चासीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे एकेक करून कागदावर उमटत गेले आणि आरसी बुकाशी जुळले, तेव्हा कुठे अण्णांनी पाकीट काढलं.

त्या गाडीत माझी जागा ठरलेली होती. फियाटचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, डाव्या हाताला, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. त्यामुळे मधे गियरचा दांडा नाही, काही नाही. अण्णा आणि आई यांच्या मधोमध मी. मागे भाऊ, आजी, काका, काकू आणि काकूंच्या मांडीवर कोणीतरी. अण्णा गियर बदलायचे तेव्हा त्यांचा डावा हात माझ्या डोळ्यांसमोरून वर जायचा, पुढे ढकलायचा, खाली यायचा. गाडी चालवणं म्हणजे मला पुष्कळ दिवस तो हातच वाटत होता.

फियाट आपल्याकडे घरचीच होती म्हणा ना. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या, पन्नाशीच्या दशकात फियाट आली. पहिल्या ११००चं तोंड पुढे आलेलं, म्हणून मुंबईने तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. आणि ते नाव इतकं चिकटलं की जुन्या गाड्यांचे शौकीन, मग ते कुठल्याही भाषेचे असोत, आजही तिला डुक्करच म्हणतात. मग १९६४ची डिलाइट, आणि पुढे सत्तरीच्या दशकात तीच गाडी चितोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी' झाली. इटलीत हे ११०० घराणं साठच्या दशकाअखेरीस संपलं. कुर्ल्यात ते नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चाललं. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तर त्याहून पुढे: शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरून २०२३च्या ऑक्टोबरात थांबली. म्हणजे जग रेट्रो गाड्या काढायला लागलं त्याच्या कितीतरी आधीपासून आपण रेट्रो गाडीच चालवत होतो. तिला रेट्रो म्हणतात हे तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

जगात ही टूम सुरू झाली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, जपानमध्ये. निसानने १९९१ साली 'फिगारो' नावाची एक गोड गाडी काढली: वरून पन्नाशीच्या दशकातली, आतून त्या वेळची साधी मायक्रा. वीस हजार गाड्या आणि घेणारे त्याहून जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकून वाटप. मग १९९८ची नवी बीटल. मूळ बीटलचं इंजिन मागे, हवेने गार होणारं. हिचं पुढे, पाण्याने. आकार तेवढा तोच, आणि डॅशबोर्डावर एक फूल ठेवण्यापुरती चिमुकली फुलदाणी. २००१ साली नवी मिनी आली. आणि ४ जुलै २००७ रोजी तुरीनमध्ये नवी फियाट ५००. दान्ते जाकोसाच्या मूळ 'नुओवा ५००'ला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. मूळ गाडी तीन मीटरचीही नव्हती, दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या बाजूला बसवलेलं. युद्धानंतर स्कूटरवरून चारचाकीत येऊ बघणाऱ्या इटालियन कुटुंबासाठी ती केली होती.

इथे मला थोडी लाज वाटते ती सांगूनच टाकते. त्या नुओवा ५००ची आठवण मला कुठून असणार? ती आपल्याकडे रस्त्यावर कधी नव्हतीच. आपली फियाट म्हणजे ११००. गोल दिवे, क्रोमची पट्टी आणि गाडीच्याच रंगाचा पत्र्यासारखा डॅशबोर्ड बघून मी हरखले, ती तुरीनच्या एखाद्या बाईची आठवण होती. माझी नव्हे. बोधचिन्ह तेच होतं, म्हणून मी दुसऱ्याच्या आजोळी जाऊन आपलं बालपण शोधत बसले होते.

पेपरवर काही पडलं नाही. मुलाने गाडी बंद केली आणि आम्ही कागदपत्रांवर आलो. आता आरसी बुक म्हणजे एक कार्ड. नोंदणी कधीची, कर्जाचा बोजा आहे का, विमा कुठवर, सगळं फोनवर दिसतं. चुंबकाऐवजी रंगाची जाडी मोजणारं यंत्र, नाकाऐवजी स्टिअरिंगखाली खुपसलेला स्कॅनर. अण्णांच्या मिस्त्रीला दोन तास लागले ते वीस मिनिटांत झालं. पण एक खर्च मात्र अण्णांच्या काळात नव्हता. पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२पासून इथे बनलेल्या गाडीला त्याची फी ५,००० रुपये झाली आणि परदेशातून आलेल्या गाडीला ४०,०००. ही पोलंडमध्ये बनून आलेली. मुलाने तेवढे भरले होते आणि ते सौद्यात धरा म्हणत होता. निम्म्यावर जमलं.

नोंदणीचा तो कागद हातात असताना मला हसू आलं. म्हाताऱ्याचं सोंग घेऊन रंगमंचावर आलेला पोरगा पंधरा वर्षं उभा राहिला आणि तेवढ्यात खरोखरच म्हातारा झाला. स्टिअरिंगवरचा हस्तिदंती रंग हाताच्या जागी पिवळा पडलेला. दाराचं रबर कडक. पुढच्या दिव्यांवर मोतीबिंदूसारखी साय. कंपनीने यातलं काही नक्षीत दिलेलं नव्हतं. हे वापराचं होतं, म्हणून खरं होतं. आणि खरं सांगायचं तर मी गाडी घेतली ती या पिवळ्या डागापाशी.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे नेली. पार्ट कुठून आणायचे, या काळजीत होते. त्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं टॉर्च फिरवला आणि म्हणाला, "ताई, हे तर स्विफ्टचं इंजिन." बरोबरच होतं. १.३ लिटरचं हे मल्टिजेट डिझेल मूळ फियाटचं. मारुतीने घेतलं, टाटांनी घेतलं, आणि रांजणगावच्या कारखान्यातही ते वर्षानुवर्षं बनलं. गाडीप्रेमी त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. इटलीचा चेहरा, पोलंडचा जन्म आणि पोटात आपल्या रांजणगावातही बनलेल्या जातीचं इंजिन. कुर्ल्याचं नातं असं मागल्या दाराने पुन्हा घरात आलं.

आता घाटाबद्दल न लिहिता स्मरणरंजन पुरं कसं व्हायचं? मे महिना, बोरघाट, चौदा-पंधरा वर्षांची गाडी आणि आत आठ माणसं. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकलं की आजी निर्धास्त व्हायची, गाडी मात्र पुढच्या वळणावर थांबायची. तापलेल्या पेट्रोल पंपात वाफ धरली, की अण्णा त्यावर ओलं फडकं ठेवून वाट बघायचे. आम्ही मुलं करवंदं शोधायला जायचो. येणाजाणारा प्रत्येक ड्रायव्हर थांबून विचारायचा, "काय झालं?" आणि उत्तराची वाट न बघता बॉनेटमध्ये डोकं घालायचा. आज माझ्या गाडीत पिवळा दिवा लागतो. मी फोनवर त्याचा अर्थ शोधते, शेजारून जाणारा हॉर्न वाजवतो.

हे सगळं मी एकदा मोठ्या जिव्हाळ्याने आईला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुला करवंदं आठवतात. मला नेसूची साडी वर खोचून मारलेला धक्का आठवतो. एकदा तर मयताच्या घरी निघालो होतो." मग तिने वाटी पुढे ओढली. "तुझ्या अण्णांना विचार, ती गाडी विकली तेव्हा ते रडले का."

नव्हते रडले. १९८९ साली अण्णांनी मारुती ८०० घेतली आणि फियाटची किल्ली नव्या मालकाच्या हातात देऊन, मागे न बघता, ते नवी गाडी पुसायला गेले. मी मात्र जिन्यात बसून रडले होते. त्याचं कारण मला आत्ता कळतंय. ज्याने हँडल मारलं, चोक ओढला, दर शनिवार गॅरेजच्या बाकड्यावर घालवला, त्याला ती गाडी सुटली. मधल्या जागेवर फुकट बसलेलीला ती धरून राहिली. जुन्याची हौस बहुधा फुकट बसलेल्यांनाच असते, आणि रेट्रो गाड्या आम्हालाच विकल्या जातात: धक्का वगळून, करवंदांसकट.

५०० घरी आणली त्या रविवारी अण्णांना खाली नेलं. वय पंच्याऐंशी, लायसन केव्हाच ठेवून दिलेलं. काठी टेकत त्यांनी एक फेरी मारली, टायर पायाने दाबून बघितलं. किंमत ऐकून म्हणाले, "पाच लाख? एवढ्यात नवी कोरी आली असती की." मी गप्प. "आणि हे दिवे असे का? जुन्या गाडीसारखे?"

"मुद्दाम केलेत, अण्णा. आता फॅशन आहे."

"हात् तेरी. आम्ही नवी मिळेना म्हणून जुनी घेतली. तुम्ही पैसे देऊन?"

तरी चालकाच्या बाजूचं दार उघडून आत बसले. काठी शेजारच्या सीटवर ठेवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मग क्लच दाबून बघितला, आणि डावा हात आपोआप वर, स्टिअरिंगच्या डावीकडे गेला. मी म्हणणार होते, अण्णा, तो तिथे नसतो आता. मारुतीपासून तो खालीच होता, वीस वर्षं त्यांनी खालचाच गियर चालवला होता; पण हात सगळ्यात आधी शिकलेलं विसरला नव्हता. आणि या गाडीत गियर खाली जमिनीवर नाहीच. तो डॅशबोर्डातून बाहेर येतो, स्टिअरिंगच्या जवळ, उंचावर. अण्णांची बोटं थोडी चाचपडली आणि त्याच्या गोल मुठीवर जाऊन बसली.

त्यांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, पुन्हा न्यूट्रल केला. मग बाजूला माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर ठेवला होतास का खाली?"

"ठेवला होता."

"कोरडा?"

"कोरडा."

"मग ठीक आहे," अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ हात तिथून काढला नाही.