टोपलीतल्या नागाचा उपास

उज्जैनच्या महाकाल मंदिराचे तीन मजले आहेत. तळाशी महाकाल, मधे ओंकारेश्वर आणि सर्वांत वर नागचंद्रेश्वर. वरच्या मजल्याचं दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला, चोवीस तासांसाठी उघडतं. आतली मूर्ती अकराव्या शतकातली मानतात. नागाच्या वेटोळ्यावर शिवपार्वती बसलेले आणि डोक्यावर त्याच्याच फणांचं छत्र. सध्याचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलं, त्यामुळे मराठी माणसाला या गावात पाहुण्यासारखं वाटायचं कारण नाही. या दगडी नागाला वर्षभर कुणी उठवत नाही, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. हाडामांसाच्या नागाच्या वाट्याला मात्र हे शहाणपण येत नाही. तो गारुड्याच्या टोपलीत असतो, झाकण उघडलं की त्याला फणा काढावा लागतो आणि पंचमीला त्याच्यासमोर दुधाची वाटी येते. एरवी टोपलीत टाकलेल्या उंदराकडे ढुंकून न पाहणारा नाग त्या दिवशी दूध पितो. पाहणारे म्हणतात, देव प्रसन्न झाला. माझं म्हणणं असं, की या नागाबद्दल खरी माहिती त्याच्या पिण्यातून मिळत नाही. ती त्याच्या न खाण्यातून मिळते, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही.

आधी दुधाचा हिशेब संपवू. साप सस्तन प्राणी नाही, लहानपणी त्याने कधी दूध प्यालेलं नसतं आणि ते पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. तरीही तो पितो, हे खोटं नव्हे. पंचमीच्या आधी काही दिवस, कधी काही आठवडे, त्याला पाणीच दिलेलं नसतं. इतक्या तहानेल्या जिवासमोर जे ओलं येईल ते तो पिणार. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेजवळ, जबड्याच्या तळाशी असतं. जबडा धरून दूध ओतलं तर ते फुप्फुसात जायला वेळ लागत नाही, आणि पोटात गेलं तर तिथं नासतं. भर म्हणून विषदंत उपटलेले असतात. ते पुन्हा उगवतात, म्हणून पुन्हा उपटतात. विषग्रंथी म्हणजे मुळात लाळग्रंथीच, आणि विष हे नागाचं भक्ष्य धरायचं हत्यार. तोंडात जखम, जखमेत पू, अशा अवस्थेत त्याने उंदीर का नाकारला हे विचारायला सर्पतज्ज्ञ कशाला हवा?

आपल्याकडे नागचतुर्थीला बायका भावासाठी उपास धरतात, दुसऱ्या दिवशी नागाची पूजा करतात, घरात चिरणं-कापणं बंद ठेवतात, तवा चढवत नाहीत, दिंडं उकडतात. उपास आणि उपासमार या शब्दांमधला फरक मराठीला चांगला कळतो. एक आपण होऊन धरलेला असतो, दुसरी लादलेली. सापाचं न खाणं समजून घ्यायला हाच फरक पुरतो. साप उपास धरण्यातच तरबेज आहे. त्याचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं, त्यामुळे अंग गरम ठेवण्यासाठी आपल्यासारखं दिवसातून तीनदा जेवावं लागत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सापांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवलं, तेव्हा काहींनी विश्रांतीच्या काळातली ऊर्जेची गरज ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणली होती. ब्रह्मी अजगराचं तर आणखी नवल. पोटात भक्ष्य नसलं की आतडी आक्रसतात, आणि जेवण झालं की दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय ४० टक्क्यांपर्यंत वाढतं, काम संपलं की पुन्हा लहान होतं. म्हणजे जेवण ही सापाच्या दृष्टीने मोठी, खर्चिक मोहीम असते. परिस्थिती अनुकूल नसेल तर ती न काढणं यात आजार नाही, अंदाज आहे. बाहेर ऊब नसताना गिळलेला उंदीर पचण्याआधी पोटात कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. माळव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. तेव्हा रानातला नाग बिळात जाऊन गप्प पडतो. घरात काचेच्या पेटीत ठेवलेल्या सापालाही तोच गारठा लागतो, फक्त त्याला जायला बीळ नसतं. वर ट्यूबलाइट, समोर मोबाइल घेऊन उभी माणसं. मग मालक म्हणतो, हा खातच नाही.

न खाण्याचं दुसरं कारण त्याहून साधं, पण आपल्या डोक्यात शिरत नाही. सगळे साप उंदीर खात नाहीत. दिवड बेडूक-मासे खातो, कवड्या पाली-सरडे, हरणटोळही सरडे-बेडूक, आणि नागराज तर मुख्यतः दुसरे सापच. हरणटोळासमोर उंदीर ठेवून त्याच्या हट्टाची तक्रार करणं म्हणजे गाईसमोर मटण ठेवून ती रुसली म्हणण्यासारखं. त्याशिवाय कात टाकायच्या दिवसांत डोळ्यांवर दुधी पडदा येतो, दिसत नाही, तेव्हाही साप खात नाही. मादीच्या पोटात अंडी असली की तेच, आणि नर विणीच्या मोसमात भूक विसरतो. यांपैकी एकाही कारणावर जबडा उघडून घास कोंबणं हा उपाय नाही. घास कोंबला तर सापाला इजा होते, तो ओकतो, आणि पुढच्या वेळी माणसाचा हात दिसला तरी वेटोळं घालून डोकं लपवतो.

यावर आक्षेप येतो, आणि तो दयेपोटी येतो म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मरू द्यायचं का मग? नाही. उपासाची उपासमार होते तो क्षण ओळखता येतो, पण त्यासाठी वाटी-चमच्याआधी तराजू लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सापाला पिशवीत घालून दर आठवड्याला वजन करावं. महिना उपाशी राहून वजन जागच्या जागी असेल तर काळजीचं कारण नाही. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, पाठीचा कणा वर दिसू लागला, तोंडात फेस किंवा चिकट लाळ दिसली, श्वासाला शिट्टी आली, तर पशुवैद्य गाठावा. नळीने अन्न द्यायची वेळ आली तर ते काम त्याचं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मोठ्यासारखी कळ काढता येत नाही, हे मान्य. पण बाकीच्यांच्या बाबतीत आधी पाणी, लपायला अंधारी जागा, पेटीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा, आणि आठवडाभर हात न लावणं. बहुतेक मालकांना यातलं शेवटचं सगळ्यांत जड जातं. ज्याला हाताळायचं नाही, ज्याच्याकडे बघायचंही नाही, तो पाळायचा कशाला? हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

कायद्यानेही तो बऱ्याच अंशी सोडवला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग, धामण, अजगर, मांडूळ यांना घरात ठेवणं गुन्हा आहे. भारतात पाळीव म्हणता येईल तो साप परदेशी, उदाहरणार्थ पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन. हा तर न खाण्यासाठी जगभर बदनाम आहे, महिनोन्महिने तोंड उघडत नाही. २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांमुळे आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा प्राण्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. नोंद झाली म्हणून माळव्याच्या थंडीत त्याला ऊब मिळत नाही, हे वेगळं.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. टोपलीवाल्याने खायचं काय? सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचा खेळ बंद झाला. तो प्रश्न गावाच्या अभिमानाचा होता. उज्जैनच्या गल्लीतल्या गारुड्याचा प्रश्न संध्याकाळच्या चुलीचा आहे, आणि त्याची टोपली जप्त करून चूल पेटत नाही. शिवाय साप कुठे असेल, कसा धरावा, कोणता विषारी, हे ज्ञान त्याच्या घराण्यात पिढ्यांनी साठवलेलं आहे. ते अडाणीपणाचं मानण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही. तमिळनाडूत इरुळ जमातीने १९७८ साली सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढली. कातड्यांसाठी साप मारणारे हात सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी विष काढू लागले. तिथेही साप मातीच्या मडक्यातच असतो, शिराळ्यात असायचा तसाच. पण किती साप धरायचे याचा आकडा वनखातं ठरवून देतं. विष चार वेळा काढायचं, सुमारे तीन-चार आठवड्यांत मडकं उघडायचं आणि साप रानात सोडायचा, असा रिवाज आहे. सोडण्याआधी त्याच्या पोटाच्या खवल्यांवर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये. मडक्यात असताना त्याने काही खाल्लं नाही तरी तिथं कुणी वाटी घेऊन धावत नाही, कारण तो कोणत्या आठवड्यात जाणार हे धरणाऱ्याला ठाऊक असतं.