एका श्वासाला दोन माणसे

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून यवत मागे टाकले की केडगाव-चौफुला येतो. तिथून डावीकडे न्हावऱ्याचा रस्ता फुटतो आणि पारगावजवळ भीमेचा पूल लागतो. अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. मधली नदी हीच हद्द. शिरूरच्या बाजूला भीमेकाठी जी बागायती गावे आहेत, त्यांतले एक वडगाव रासाई. रासाई ही इथली ग्रामदेवता, तिच्यावरूनच गावाचे नाव. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलाबाळांसह दोन दिवस इथे राहिलो. अब्बांचे जुने स्नेही इथे शेती करतात. सारे गाव त्यांना तात्या म्हणते, म्हणून आमची मुलेही तात्याच म्हणतात.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता. गाळपाचा हंगाम तोंडावर आलेला. कुठे कुठे तोडणी मजुरांच्या कोप्या पडू लागल्या होत्या. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला जायचे नाही, बिबट्या असतो, हे काकूंनी मुलांना पाणी देतानाच बजावले. दुसरी ताकीद तात्यांनी दिली : "नदी लांबून बघायची. पाण्यात उतरायचं नाही."

शहरातली मुले नदीवर पोहायच्या आशेने आलेली. त्यांचे चेहरे पडले.

नदी आणि विहीर

संध्याकाळी तात्या स्वतःच आम्हाला काठावर घेऊन गेले. पात्र रुंद, पाणी संथ. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यांना ढापे घातले की भीमा इथे तळ्यासारखी तुंबून राहते. याच पाण्यावर दोन्ही काठांचा ऊस उभा आहे. पण वरच्या बाजूला रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचे सांडपाणी घेऊन येते. पाण्याचा रंग आणि जलपर्णीचे हिरवे पट्टे पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

"आमच्या लहानपणी हेच पाणी ओंजळीनं प्यायचो," तात्या म्हणाले. "आता पोरं उतरत नाहीत ते बरंच. वाळू उपसून उपसून तळाला खड्डे झालेत. गुडघाभर पाण्यात चाललेला माणूस पुढच्या पावलाला डोहात जातो."

त्या काळी पोहणे विहिरीत शिकायचे. कमरेला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधून मोठी माणसे पोराला वरून ढकलून देत. आमच्या दादीही आपल्या माहेरी असेच शिकलेल्या. दुपारी पुरुष शेतावर गेले की मुली विहिरीवर जात आणि अंगभर कपड्यांत पोहत, असे त्या सांगतात.

पोहायला येऊ लागले की खरी चुरस सुरू होई ती बुडीची. पिवळे वीस पैशांचे नाणे पाण्यात टाकायचे आणि ते तळाला टेकण्याआधी पकडायचे. नाही सापडले तर तळाचा गाळ मुठीत आणून दाखवायचा. गाळ आणला नाही तर बुडी मोजायची नाही. विहीर सहा-सात परस खोल. कोण किती वेळ खाली राहिला, हे काठावरची पोरे मोठ्याने आकडे म्हणून मोजत. बक्षीस म्हणून फार तर एखादा पेरू मिळे.

याच तात्यांनी उमेदीच्या काळात नदीतून आणि विहिरींतून दोघांना जिवंत बाहेर काढले आणि तिघांना मृत. त्या तिघांविषयी ते फार बोलत नाहीत. एवढेच म्हणाले, "तिघंही पट्टीचे पोहणारे होते."

ओट्यावरची स्पर्धा

नदी बंद झाल्यावर मुलांनी दुसरा मार्ग काढला. असरच्या नमाजनंतर ओट्यावर दम धरण्याची स्पर्धा लागली. मोबाईलवर सेकंद मोजायचे, नाक चिमटीत धरायचे, दम सुटला की हात वर. तात्या पंच. सर्वांत धाकटी २२ सेकंदांवर हसली आणि बाद झाली. तात्यांच्या नातवाने ५० सेकंद काढले. आमच्या मधल्या मुलीने ५८. टाळ्या झाल्या.

मग चौदा वर्षांचा थोरला उठला. त्याने कुठेतरी एक व्हिडिओ पाहिला होता. बसल्या बसल्या त्याने भात्यासारखे वीस-पंचवीस जोरजोराचे श्वास घेतले आणि मग दम धरला. १ मिनिट ३५ सेकंद! सगळे चकित. पण त्याच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि उठताना त्याचा झोक गेला. तात्यांनी त्याला दंडाला धरून खाली बसवले.

"बाळा, हे पाण्यात केलं असतंस तर वर आला नसतास. त्या तिघांतला एक असाच गेला. भरपूर दम घेऊन उतरला होता."

धोक्याची घंटा उशिरा वाजते

तात्यांचा अनुभव आणि शरीरशास्त्र इथे एकच गोष्ट सांगतात. दम धरल्यावर काही वेळाने जीव गुदमरतो, पोटाला हिसके बसतात. आपल्याला वाटते, प्राणवायू संपला. तसे नसते. गुदमरायला होते ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. मेंदू त्या वायूवरून ओळखतो की आता श्वास घ्यायला हवा. अल्लाहने शरीरात बसवलेली ही धोक्याची घंटा आहे.

जोरजोराने श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. प्राणवायू मात्र त्याने फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेही प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. म्हणजे साठा तेवढाच राहतो आणि घंटा मात्र उशिरा वाजते. कधी कधी ती वाजण्यापूर्वीच प्राणवायू इतका उतरतो की माणूस बेशुद्ध होतो. त्याआधी घाबरणे नाही, तडफड नाही, हाक नाही. जमिनीवर असा माणूस आडवा होतो, त्याचा श्वास आपोआप सुरू होतो आणि तो वाचतो. पाण्यात तोच श्वास पाणी आत घेतो.

खोल विहिरीत आणखी एक सापळा असतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्या दाबामुळे छातीतला थोडासा प्राणवायूही तिथे पुरतो. वर येताना दाब झपाट्याने कमी होतो आणि तेवढाच प्राणवायू मेंदूला अपुरा पडतो. म्हणून तळ गाठून आलेला माणूस शेवटच्या दोन-चार हातांत शुद्ध हरपतो. काठावरच्यांना वाटते, आलाच वर.

"पोहणाराच बुडतो" या म्हणीचा एक अर्थ इथे कळतो. नवखा घाबरून लवकर वर येतो. घंटा वाजली तरी दाबून धरण्याची सवय ज्याला लागली, त्याचाच जीव जास्त धोक्यात असतो.

मोत्यांच्या शोधातले गव्वास

एका श्वासावर पोट भरणाऱ्यांची परंपरा मुस्लिम जगाला नवी नाही. कुरआनच्या सूरह रहमानमध्ये समुद्रातून निघणाऱ्या मोत्यांचा आणि पोवळ्यांचा उल्लेख आहे. अरबी आखातात बहरीन, कुवेत, कतरच्या किनाऱ्यांवर शेकडो वर्षे मोती काढण्याचा धंदा चालला. उन्हाळ्याचे चार महिने जहाजे समुद्रात राहत. ते मोती विकले जात आपल्या मुंबईत. विसाव्या शतकात जपानचे कृत्रिम पैदाशीचे मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदी आली आणि हा धंदा बसला. बहरीनमधल्या या मोती-व्यवसायाच्या खुणा २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. आज आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणातल्या बांधवांनी वाट वाकडी करून त्या पाहाव्यात.

बुडी मारणाऱ्याला गव्वास म्हणत. नाकाला चिमटा, पायाला दगडाचे वजन आणि अंगाशी दोर. त्या दोराचे दुसरे टोक जहाजावरच्या माणसाच्या हातात असे. त्याचे नाव सैब. खालून दोराला झटका आला की तो सारी ताकद लावून ओढून घेई. मोती गव्वासच्या हाताला लागे, पण त्याचा जीव सैबच्या हातात असे. म्हणून कमाईत सैबचाही ठरलेला वाटा होता.

इंडोनेशिया, मलेशिया आणि फिलिपिन्सच्या समुद्रात राहणारे बाजाऊ लोकही बहुसंख्येने मुसलमान आहेत. ते आजही एका श्वासावर खाली उतरून मासे धरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आढळली. बुडी मारताना प्लीहा आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या समुद्राने त्यांचे शरीरच वेगळे घडवले आहे. सुट्टीत विहिरीवर गेलेल्या मुलाने त्यांची बरोबरी करू नये.

खेळाडू काय करतात?

आज एका श्वासावरच्या बुडीचा जगभर खेळ झाला आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आयडा १९९२ मध्ये स्थापन झाली. तलावात पालथे तरंगत दम धरण्याचा तिचा पुरुषांचा विक्रम फ्रान्सच्या स्तेफान मिफसूद यांनी २००९ मध्ये केला : ११ मिनिटे ३५ सेकंद.

आकडा ऐकून मुलांचे डोळे विस्फारले. पण या खेळाडूंचे नियम आकड्यापेक्षा मोलाचे आहेत. सराव एकट्याने करायचा नाही. एक पाण्यात, एक वर. वरच्याची नजर खालच्यावरून हटायची नाही. जोडीदार ठरल्या वेळी हात लावतो, पाण्यातल्याने बोट हलवून उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही की लगेच तोंड पाण्याबाहेर. स्पर्धेत वर आल्यावर १५ सेकंदांच्या आत खूण करून आपण शुद्धीवर आहोत हे दाखवावे लागते. ते जमले नाही तर बुडी रद्द, मग ती कितीही मोठी असो. तात्यांच्या विहिरीवरचा मुठीतला गाळ खोलीचा पुरावा होता. इथे पुरावा मागतात तो शुद्धीचा.

रशियाच्या नतालिया मोल्चानोव्हा यांच्या नावावर ४१ जागतिक विक्रम होते. त्या नऊ मिनिटे दम धरू शकत. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंटेरा बेटाजवळ त्या काही जणांना शिकवायला गेल्या आणि दोर न बांधता एक बुडी मारली. त्या परत आल्या नाहीत. त्यांच्यासारखीचा समुद्राने मुलाहिजा ठेवला नाही, तिथे आपली काय कथा!

दमाचा आपला खेळ

दम धरण्याची हौस वाईट नाही. पहिली कळ सोसून स्थिर राहणे ही सब्रची तालीमच आहे. आपल्या मातीने तर त्यासाठी जमिनीवरचा खेळ दिला आहे. हुतूतू म्हणा, कबड्डी म्हणा. एका दमात बोलत जायचे, गडी बाद करायचा आणि दम तुटण्याआधी परत यायचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो जगाला दाखवला. या खेळात दम तुटला तर डाव जातो, जीव जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या खळ्यात मुलांनी तोच मांडला. थोरल्यापेक्षा मधलीचा दम लांब निघाला.

पोहणे मात्र शिकलेच पाहिजे. इब्न साद यांच्या 'तबकात'मध्ये रिवायत आहे की प्रेषित मुहम्मद (स.) लहानपणी आईसोबत मदीनेला गेले असताना बनू अदी बिन नज्जार यांच्या विहिरीत पोहायला शिकले. मुलांसारखेच मुलींनाही शिकवावे. अनेक शहरांत तलावांवर स्त्रियांसाठी वेगळ्या वेळा असतात. आणि एक जीव वाचवण्याचे मोल आपल्या दीनमध्ये किती मोठे आहे, हे वाचकांना सांगायला नको.

त्यासाठी घरात एवढे पाठ असावे :

दम धरण्याची पैज पाण्यात लावू नये. लावायची तर जमिनीवर, बसून किंवा आडवे होऊन. दमा, फिट्स किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्यात पडू नये.

बुडीपूर्वी भराभर श्वास घेऊ नयेत. असे करणाऱ्याला पाण्याबाहेर काढावे.

पोहणाऱ्याबरोबर काठावर एक जाणता माणूस हवाच, आणि त्याच्या हातात मोबाईल नको.

कोणी बुडत असेल तर आधी दोर, काठी, ओढणी किंवा रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. प्रशिक्षण नसेल तर मागे उडी घेऊ नये. एकाच्या जागी दोघे जातात.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावी आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावावा. हे कसे करायचे, ते एकदा डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

श्वास ही अल्लाहची अमानत आहे. तो कोण किती वेळ धरतो याची चुरस मुलांनी खुशाल करावी. तो सुटेल तेव्हा जवळ कोण असेल, हे आधी ठरवणे मोठ्यांचे काम आहे.