कपाटाची किल्ली

‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने लेखकाला निर्दोष ठरवले, हायकोर्टाने दोषी, आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष. कथा तीच, अक्षरे तीच! पुस्तकाने समाजाला इजा होते की नाही हे शिकल्यासवरल्या न्यायाधीशांनाही एकमताने सांगता येईना.

मी जालना जिल्ह्यातला एक शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, पण कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीवर गावात असाच खटला चालला. फक्त कोर्ट पारावर भरले होते. एका गृहस्थांच्या मुलीने ती वाचली आणि ठरलेले स्थळ नाकारले. ते मला म्हणाले, “मास्तर, सोयऱ्यांत माझी मान खाली गेली. हे नुकसान नाही का? वाचनालयातून काढा ते पुस्तक.”

नुकसान झाले होते. ते मी कसे नाकारणार?

ज्या मिल्लचा आगरकरांवर एवढा प्रभाव होता, त्याने १८५९ साली लिहिले, की दुसऱ्याला इजा होत असेल तरच माणसाच्या स्वातंत्र्याला हात घालावा. हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच ग्रंथात तो पुढे म्हणतो, की स्पर्धा परीक्षेत एक यशस्वी झाला की दुसऱ्यांचे नुकसान होतेच. म्हणून कोणी परीक्षा बंद करीत नाही. इजा दिसली की मनाईचा विचार सुरू होतो, संपत नाही. जे गेले ते मुळात आपल्या हक्काचे होते काय, हे विचारायचे उरतेच. मुलीचा होकार बापाच्या मालकीचा नव्हता.

शाळेतल्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते. कोवळ्या पोरांना काही पुस्तके मी देत नाही. मिल्लनेही आपला नियम मुलांना लावलेला नाही. पण ती मुलगी एकवीस वर्षांची. जाणत्या माणसांच्या कपाटाला कुलूप लावायचे, तर त्याचे कारण कुलूप लावणाऱ्याने सिद्ध करावे.

पुस्तक वाचनालयातच राहिले. ते गृहस्थ आता मला रामराम घालीत नाहीत. मला त्याचे फार वाईट वाटते. पण त्यावर दाद मागायची सोय नाही, आणि नसावीच.