बनवणाऱ्याचा शब्द



कीर्तन थांबवून मला आता चार वर्षे होतील. गुडघे उभे राहू देईनात, आणि ज्याला उभे राहता येत नाही त्याने नारदाच्या गादीवर कशाला जावे, म्हणून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. गेल्या वर्षी आमची मंडळी गेली. गावच्या घरात मी एकट्याने राहावे हे मुलाला पटेना, म्हणून भोसरीजवळच्या त्याच्या फ्लॅटवर राहायला आलो. तिथल्या एका खोलीत नातवाने स्वतःच्या हाताने बनवलेले एक यंत्र होते. ते यंत्र विकले गेले त्याची हकीकत आज सांगतो. विषय या पानांना नवा आहे, तरी शेवटपर्यंत ऐका.

मोटारींच्या शर्यतीचे खेळ संगणकावर खेळतात, हे तुमच्या घरातली मुले तुम्हाला सांगतील. माझ्या नातवाला खुर्चीवर बसून तो खेळ गोड लागेना. गाडी वळली की अंगाला वळण कळावे, खड्डा आला की दचका बसावा, अशी त्याची हौस. त्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा चौकोनी सांगाडा जोडला, त्यावर भंगारातल्या मोटारीची सीट बसवली, पुढे स्टिअरिंग आणि पायाशी पेडल लावले. सांगाड्याच्या चार कोपऱ्यांना चार पाय. प्रत्येक पायात एक मोटर आणि एक लांब स्क्रू. मोटर फिरली की स्क्रू फिरतो आणि तो कोपरा वर किंवा खाली सरकतो. बरेचसे भाग त्याने भोसरीच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका ओळखीच्या लेथवर करून घेतले. रोज नोकरीवरून यायचे आणि रात्री पान्हे घेऊन बसायचे, असे त्याचे दीड वर्ष गेले.

मी आलो तेव्हा त्याला विचारले, "अरे, हे चार इंच वर जाते आणि चार इंच खाली येते. यात वेग कसा कळणार?" तो म्हणाला, "आबा, तुम्ही बसा." बसलो. पडद्यावरच्या गाडीने वेग घेतला आणि कोणीतरी मला मागे दाबून धरल्यासारखे वाटले. ब्रेक लागला तशी छाती पुढे गेली. उतरल्यावर त्याने उलगडा केला. वेग घेताना यंत्र पुढून उचलते, म्हणजे बसणारा मागे कलतो आणि त्याचे स्वतःचेच वजन त्याला पाठीकडे दाबते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे, त्याला कलणे आणि वेग घेणे यांतला फरक एकट्याने ओळखता येत नाही. डोळ्यांना पडद्यावर रस्ता धावताना दिसतो, म्हणून मन म्हणते की वेग आला. मग यंत्र इतक्या हळू पूर्वपदावर येते की कानाला ते उमगतही नाही. कानासारखे शहाणे इंद्रिय चार इंचांत फसते हे ऐकून मला गंमत वाटली. हा कान पुढे गोष्टीत पुन्हा येणार आहे.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती पेटी वाजवणाऱ्यांनी जरूर ऐकावी. अशा यंत्रांचा एक पूर्वज अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी झाला. एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकणे महाग पडते म्हणून त्याने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच हलणारे एक लहानसे विमान बनवले आणि ते हलवायला ऑर्गनचेच भाते लावले. लोकांनी आधी ते जत्रेतले खेळणे म्हणून घेतले. १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले. धुके आणि वादळात नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर विमान चालवण्याचा त्यांना सराव नव्हता, त्यात अनेकजण मेले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. माझ्या कीर्तनात पन्नास वर्षे पेटीच्या भात्याने सूर धरला. त्याच भात्याच्या भाऊबंदाने कोणाला उडायला शिकवले असेल, हे मला म्हातारपणी नातवाकडून कळले.

आता विक्रीकडे येतो. मी आल्यावर महिनाभर बाहेरच्या दिवाणावर झोपत होतो. एके दिवशी नातू म्हणाला, "आबा, यंत्र विकतोय. आता खेळायला वेळ मिळत नाही." मी मान डोलावली. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून सुनेचे बोलणे कानावर पडले. खोली माझ्यासाठी रिकामी करायची होती. मला हे कळले आहे हे मी त्याला बोललो नाही. मनात एवढेच धरले की, पोराने माझ्यापायी दीड वर्षाचे काम मोडीत काढले, निदान पैसे तरी चांगले यावेत.

नुसत्या सामानाचा खर्च दोन लाखांच्या आसपास झाला होता. त्याने एक लाख वीस हजार मागायचे ठरवले. माणसे बघायला येत ती दुपारी, आणि दुपारी घरी असायचो मी. म्हणून यंत्र चालू कसे करायचे, बंद कसे करायचे आणि काही बिघडले तर लाल बटण आधी कसे दाबायचे, हे त्याने मला पढवले. त्याच वेळी मला एक आवाज ऐकू आला. मागचा डावा पाय वरून खाली येताना टक् करी. बाकीचे तीन करीत नसत. मृदंगाच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला चौघांतला एक चुकला तर लगेच कळते. मी विचारले तर तो म्हणाला, "माहीत आहे आबा. बेअरिंग जरा सैल आहे. धोका काही नाही. मुद्दाम सांगायची गरज नाही."

चाकणकडच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण आला. माझ्या कपाळाची मुद्रा बघून "महाराज" म्हणत पाया पडला. मग सीटवर बसला, कानांवर हेडफोन चढवले आणि जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या जुन्या रस्त्यावर गाडी घातली. तिथली एक फेरी वीस किलोमीटरहून मोठी आहे. पोरगा वळणावळणावर हसत होता. त्याच्या कानांत इंजिनाचा गजर, आणि माझ्या कानांत टक्, टक्. उतरला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, "महाराज, एक लाख पंधरा हजार आत्ता देतो."

तुम्हीच सांगा, मी काय करायचे? नातवाचा माल, नातवाचे पैसे, आणि त्याने सांगितलेलेही स्पष्ट. मी "बरं" म्हणालो असतो तरी खोटे बोललो नसतो. पण मनात आले की दुकानातल्या वस्तूमागे कंपनी असते, पावती असते, वर्षभराची हमी असते. या वस्तूमागे कोण? बिघडली तर हा पोरगा कोणाच्या दारात जाईल? घरी बनवलेल्या वस्तूला कंपनी नसते. बनवणाऱ्याचा शब्द हीच तिची कंपनी, आणि त्या दुपारी तो शब्द माझ्या तोंडी दिलेला होता. मी म्हणालो, "बाळा, हेडफोन काढ आणि पुन्हा चालू कर. मागचा डावा पाय ऐक."

त्याने ऐकले. हात लावून बघितले. कारखान्यातला माणूस, त्याला कारण लगेच उमगले. म्हणाला, "असेच चालवले तर पुढे स्क्रूही खाईल." आणि दहा हजार कमी केले.

रात्री नातू घरी आला. त्याने ऐकून घेतले आणि जेवताना एक शब्द बोलला नाही. नंतर एवढेच म्हणाला, "आबा, तुम्ही खरे बोललात, पण ते माझ्या पैशाने." वाचकहो, हे वाक्य मला लागले, कारण त्यात तथ्य होते. गादीवरून मी हजारो लोकांना खरे बोलायला सांगितले, तेव्हा त्याची किंमत ज्याची त्याने घरी जाऊन भरली असणार. माझ्या पदरचे काही गेले नव्हते. मी ट्रंकेतून दहा हजार काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. म्हणालो, "बोललो मी, तर भरणारही मीच." त्याने नोटांकडे बघितले, मग माझ्याकडे. पैसे उचलून परत माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "हे नको. रविवारी मी बेअरिंग बदलणार आहे. तुम्ही शेजारी बसा आणि आवाज गेला का ते सांगा."

रविवारी तो चाकणचा तरुणही आला. दोघांनी पाय उलटा करून उघडला. आतला नट सैल झाला होता आणि बेअरिंग खरेच गेले होते. नवे बेअरिंग काही शेकड्यांत आले. बसवले, नट आवळला, यंत्र चालू केले. दोघे माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी डोळे मिटून पाच मिनिटे ऐकले. चारही पाय एका लयीत चालत होते. मी मान हलवली. भाव मात्र एक लाख पाच हजारच राहिला. ठरलेले नातवाने पुन्हा उकरून काढले नाही.

मग सगळे मोडायला अर्धा दिवस गेला. नातवाने प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली, नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत भरले आणि कोणती तार कुठे जाते त्याची वही त्या पोराच्या हाती दिली. दोनदा बजावले, "अर्थिंग नीट तपासल्याशिवाय चालू करू नकोस. पहिल्यांदा सीटवर कोणी न बसता चालव. लाल बटण हाताशी ठेव." छोटा हत्ती खाली उभा होता. सामान भरून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत नातू गॅलरीत उभा राहिला. मी त्याच्या मागे उभा होतो. दोघेही काही बोललो नाही.

आता त्या खोलीत माझी खाट आहे. फरशीवर चार पायांचे चार डाग अजून आहेत. सून म्हणते घासून काढू, मी म्हणतो राहू दे. कधी रात्री उशिरा त्या पोराचा फोन येतो, काहीतरी अडलेले असते. नातू झोपेतून उठून माझ्या खाटेच्या कडेला बसतो आणि त्याला समजावून सांगतो. पंधरा-पंधरा मिनिटे चालते. त्या वेळी मी जागा असतो आणि ऐकत असतो. यंत्राचे पैसे तर केव्हाच मिळाले. पण शब्द दिलेला आहे, तो अजून चालू आहे.

तुमच्या घरातूनही कधी हाताने केलेली एखादी वस्तू परक्या घरी जाईल. तिचा गुण घेणाऱ्याला दिसतोच. त्याला दिसत नाही तेवढे आपण सांगावे, आणि त्याचे जे मोल पडेल ते शक्यतो आपल्या खिशातून भरावे. मला हे सत्तरी उलटल्यावर कळले, तेही नातवाकडून.

राम कृष्ण हरि.