कोठीतील मांजरे

स्मरणिकेसाठी लेख मागविण्यात आले तेव्हा आमच्या तुकडीतील बहुतेकांनी गुरुजनांविषयी लिहिले. आम्ही वसतिगृहाच्या कोठीतील मांजरांविषयी लिहीत आहोत. ज्वारी-तांदळाची पोती उंदरांपासून राखण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. थंडीत ती आमच्याच अंथरुणात निजत.

एका पावसाळ्यात खोलीतील निम्म्या मुलांच्या अंगावर गोल, लालसर, कडांना खवले धरलेले चट्टे उठले. गजकर्ण! मांजरे पोत्यात घालून दूर सोडावीत, असा काही पालकांचा आग्रह होता. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या आम्हांला ते रुचेना. परंतु न रुचण्याने खाज थांबत नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी समजावले, की गजकर्ण ही बुरशी आहे. ती पिल्लांच्या केसांतून येऊ शकते, हे खरे. पण एकदा आली की सामायिक टॉवेल, कंगवा, चादर यांतून ती मुलामुलांत फिरते. म्हणजे मांजरे घालवूनही चट्टे राहिलेच असते. केस गळालेल्या पिल्लांवर पशुवैद्यांनी उपचार केले, चादरी उकळत्या पाण्यात निघाल्या, टॉवेल वेगळे झाले. चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितले तितके दिवस मलम लावावे लागले, आणि मुलांना सर्वांत जड गेले ते हेच.

आज आम्हांला वारंवार विचारला जाणारा प्रश्न निराळा आहे: सून गरोदर आहे, मांजर घालवावे काय? भीती निराधार नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भाला अपाय करू शकतो. मांजराला तो उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ल्याने होतो आणि बहुधा पहिल्या लागणीनंतरचे एक ते तीन आठवडेच विष्ठेतून बाहेर पडतो. ताजी विष्ठा संसर्ग करीत नाही. त्यासाठी 1 ते 5 दिवस जावे लागतात. म्हणून मांजराचा ट्रे रोज साफ व्हावा, आणि तो घरातील दुसऱ्या कोणी करावा. हे काम मुलाने करण्यास आमच्या मते काहीच हरकत नाही. मांजराला कच्चे मांस घालू नये. त्याला कुरवाळण्यापेक्षा अर्धेकच्चे मटण आणि मातीसकट आलेली कोथिंबीर यांचीच अधिक काळजी घ्यावी.

ओरखड्यानंतर काही दिवसांनी काखेत अवधाण आले, ताप आला, तर डॉक्टरांना ओरखड्याचे अवश्य सांगावे. हा जंतू पिसवांमुळे मांजरांत पसरतो. तेव्हा पिसवांचा बंदोबस्त करावा.

मात्र चाव्याच्या बाबतीत कसलीही सवलत नाही. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही होतो आणि लक्षणे दिसल्यावर रुग्ण क्वचितच वाचतो. आमच्या गावांकडे आजही जखमेत चुना, हळद, तिखट भरतात. ते काही न भरता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लशीचे पुढील डोस ठरल्या तारखांना, खाडा न करता घ्यावेत.